लोट्याला टेकलेली कवडी

नत्थूजींनी पाचही कवड्या मुठीत घेतल्या, मूठ ओठांजवळ नेली आणि दुसऱ्यांदा फुंकर मारली.

"फुंकर एकच," गोपाळराव म्हणाले.

"पहिली फुंकर नव्हती. धूळ होती, थे उडवली."

"माह्या सतरंजीवर धूळ?"

"कोणाच्या सतरंजीवर धूळ हाये जी?" स्वयंपाकघरातून तुळजाबाईंचा आवाज आला आणि दोघेही गप्प झाले. त्या घरात दिवाणांपेक्षा दिवाणांच्या बायकोचा दरारा मोठा होता.

दिवाण हे गोपाळरावांचं फक्त रविवारचं पद. एरवी ते सरकारचे वजन-माप निरीक्षक होते, आणि ते लांबून दिसले की इतवारी बाजारातले व्यापारी आधी तराजूची पारडी पुसत, मग नमस्कार करत. सरकारने खऱ्याखुऱ्या राजांचे तनखे बंद केले त्याच हिवाळ्यात महाल मोहल्ल्यातल्या चार गृहस्थांनी मिळून आपलं स्वतःचं एक संस्थान काढलं होतं. त्याचं नाव हिवरगड. ते कुठल्या नकाशात नव्हतं. दर रविवारी जेवणं आटोपली की गोपाळरावांच्या समोरच्या खोलीत, सतरंजीवर, ते मांडलं जाई. मधोमध ठेवलेला पितळी लोटा म्हणजे किल्ला. काड्यापेटी म्हणजे खजिना. अडकित्ता म्हणजे शेजारचा शत्रू. तो उघडून ठेवला की युद्ध सुरू. राजा तीन वर्षांचा होता आणि गेली दोन वर्षं तीन वर्षांचाच होता. तो मोठा झाला असता तर चौघांपैकी कुणाला तरी राजा व्हावं लागलं असतं, आणि ते उरलेल्या तिघांना मान्य नव्हतं.

ईश्वरदास खजिनदार होते. त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं, आणि किल्लाही तिथूनच आलेला. गेल्या उन्हाळ्यात त्यांचाच कोपर लागून किल्ला आडवा झाला आणि त्याच्या गळ्याजवळ पोचा पडला, तेव्हा पश्चिमेचा बुरूज ढासळल्याचं रीतसर जाहीर करण्यात आलं. तेव्हापासून पोचा खिडकीच्या बाजूला ठेवायचा, कारण खिडकी पश्चिमेला होती.

नत्थूजी सेनापती. प्रत्यक्षात ते अंगाने काटकुळे. तहसिलीसमोरच्या कडुलिंबाखाली टेबल टाकून बसत आणि लोकांना अर्ज लिहून देत. शेताच्या धुऱ्या-बांधाचं भांडण असो, रेशनकार्डावरून गळलेलं नाव असो, नाहीतर नवऱ्याने टाकलेली बाई असो, ज्याची जी अडचण असेल ती ते अशी मांडत की वाचणाऱ्या साहेबाला पाझर नाही फुटला तरी निदान लाज वाटावी. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती. हिवरगडात ते धिप्पाड होते, भरघोस मिशा बाळगून होते आणि त्यांचं नाव रणधीरसिंह होतं.

चौथे रुपराव मास्तर. ते दैव होते. म्हणजे संस्थानात काय घडतंय ते मास्तर सांगत: पूर आला, शत्रू चालून आला, राणीसाहेबांचा पोपट उडाला. मग ज्याने त्याने आपला माणूस काय करतो ते सांगायचं, आणि ते साधलं की फसलं याचा कौल कवड्यांनी द्यायचा. मास्तरांनी छप्पन साली घरच्यांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि दैव नावाच्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच त्यांना एकमताने दैव नेमलेलं. दैव मानणारा माणूस दैव झाला की कुणाची तरी बाजू घेतो, असं नत्थूजींचं म्हणणं होतं, आणि ते मास्तरांनाही पटलं होतं.

हिवरगडाचे नियम कुठे लिहून ठेवलेले नव्हते. लिहिले असते तर भांडायला जागा उरली नसती. तोंडातून निघालं ते झालं, हा पहिला. सतरंजीवर पडलेल्या कवडीला हात लावायचा नाही, हा दुसरा. हिवरगडात वार आणि तारखा नसतात, असाही एक नियम होता, कारण खेळताना कुणी मंगळवारच्या ऑफिसचा विषय काढला की गोपाळरावांचा जीव आंबून जाई. आणि ज्याचा माणूस आहे तो हजर नसताना त्याच्या माणसाला मरण नाही. हा नियम नत्थूजींनी आणला. ते एकदा मेहुण्याच्या लग्नाला उमरेडला गेले असताना दिवाणांनी सेनापतीला विहिरीत ढकलून दिलं होतं, त्यानंतर.

सगळ्यात मोठा नियम भांडणाचा. तो तुळजाबाईंनी घातला होता, स्वतः खेळत नसूनही. पहिल्याच वर्षी एका पुलावरून दिवाण आणि सेनापती इतके भांडले की पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि तेवढे सगळे रविवार धुमसत बसलेला नवरा तुळजाबाईंना घरात झेलावा लागला. दसऱ्याला सोनं द्यायला नत्थूजी उंबऱ्यात आले तेव्हा त्यांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"ज्याले भांडाचं हाये," त्या म्हणाल्या, "त्यानं समोरच्याच्या बाजूनं भांडाव. आपल्या बाजूनं तं कुत्रं बी भुकते."

तेव्हापासून वाद निघाला की भांडणाऱ्यांनी आपापल्या जागा बदलायच्या आणि एकाने दुसऱ्याची बाजू मांडायची. तुळजाबाई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत. उकळी येईपर्यंत वाद, उकळी आली की दैवाचा निकाल. उकळीआधी निकाल नाही आणि उकळीनंतर वाद नाही. स्टोव्हला पंप किती मारायचा हे सर्वस्वी तुळजाबाईंच्या हातात होतं, पण ही गोष्ट चार पुरुषांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

तर त्या रविवारी अडकित्ता उघडा होता आणि सेनापतीचं काही खरं नव्हतं. एरवी शत्रूचं नाव निघायच्या आत घोड्यावर बसणारा रणधीरसिंह आज तलवारीला तेल लावत बसला होता. शत्रूने नदी ओलांडली तेव्हा त्याला कणकण आली. शत्रूने कडब्याच्या गंज्या पेटवल्या तेव्हा त्याचा घोडा लंगडायला लागला.

"कोण्या पायानं लंगडते?" गोपाळरावांनी विचारलं.

"मागच्या."

"उजव्या का डाव्या?"

"दोन्ही."

"मंग थो लंगडत नाही. बसला हाये."

"छोडो ना दिवाणजी," ईश्वरदास म्हणाले. "जनावर आहे. बसते कधी कधी."

सेनापतीला बाहेर पाठवायचं नत्थूजींच्या अगदी जिवावर आलं होतं, आणि त्याचं कारण हिवरगडात नव्हतं. येत्या बुधवारी सरकारी दवाखान्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. ही गोष्ट त्यांनी या तिघांपासून लपवून ठेवली होती. डॉक्टर किरकोळ म्हणाले होते. पण डॉक्टर किरकोळ म्हणतात ते त्यांच्या कामापुरतं, टेबलावर आडवं होणाऱ्याचं त्यात काही येत नाही. नत्थूजींना कापण्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती भुलीची. नाकावर जाळी धरतात, आकडे मोजायला सांगतात, आणि माणूस मोजता मोजता कुठे तरी निघून जातो. गल्लीतला केशव असाच मोजत मोजत गेला. त्याचं काळीजच आधीपासून अशक्त होतं, कुणाचा दोष नव्हता, असं सगळे सांगत. पण तो परत आला नाही हे तर खरंच होतं ना.

मैनाबाईंनी, नत्थूजींच्या बायकोने, बुधवारची पिशवी आत्तापासून भरून खुंटीला लावली होती. तिच्यात धोतर, पंचा आणि दंतमंजन होतं. ती पिशवी दिसली की नत्थूजींच्या पोटात गोळा उठे, आणि तो नेमका जिथे कापायचं होतं तिथेच उठे. आज सकाळी तोंड धुताना त्यांनी मनाशी एक करार करून टाकला. आज सेनापती जगला तर बुधवारी दवाखान्यात जायचं. सेनापती मेला तर पिशवी रिकामी करायची आणि हर्नियाला सोबत घेऊनच उरलेले दिवस काढायचे. आयुष्यभर शकुन-अपशकुनाची टिंगल केलेला माणूस, पण पाळी स्वतःवर आली आणि शकुन बघत बसला.

मास्तरांनी घोड्याचे दोन्ही पाय मोठ्या मनाने मान्य केले. मग ते शांतपणे म्हणाले, "शत्रू दरवाज्याशी आला आहे. राजा वरच्या सज्ज्यात एकटाच आहे. रडतो आहे."

तीन वर्षांचं पोर रडत असताना घोड्याची सबब सांगणं सेनापतीला शोभलं नसतं.

"सेनापती बाहेर पडते," नत्थूजी म्हणाले, आणि तोंडातून निघालं ते झालं.

पाचांपैकी तीन कवड्या उताण्या पडल्या तर सेनापती शत्रूला मागे रेटणार आणि जगणार. तीन नाही पडल्या तर तो दरवाज्यातच पडणार. फुंकरीचा वाद तुळजाबाईंच्या आवाजाने जागीच जिरला होता. नत्थूजींनी डोळे मिटले आणि मूठ उघडली.

दोन कवड्या उताण्या पडल्या. दोन पालथ्या पडल्या. पाचवी घरंगळत गेली, लोट्यावर आदळली आणि त्याच्या पोटाला टेकून तिरपी उभी राहिली.

चौघेही गुडघ्यांवर आले आणि वाकून बघू लागले. खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना, न जाणो कवडी हलायची.

"उताणी हाये," नत्थूजी म्हणाले. त्यांच्या बाजूने कवडीचं तोंड दिसत होतं.

"पालथी," गोपाळराव म्हणाले. त्यांच्या बाजूने पाठ दिसत होती.

"तोंड दिसते ना गा ढळढळीत!"

"अर्धं दिसते. अर्धं माप म्हंजे खोटं माप. इतवारीत असं माप सापडलं तं मी दंड ठोकतो."

"हे इतवारी नोहे, हिवरगड होये."

"वाद," मास्तरांनी जाहीर केलं. "तुळजावहिनी, आधण ठेवा."

दिवाण आणि सेनापती उठले आणि एकमेकांच्या जागी जाऊन बसले. आता गोपाळरावांना कवडीचं तोंड दिसू लागलं आणि नत्थूजींना पाठ. आतून स्टोव्हचा भर्र आवाज सुरू झाला.

आधी नत्थूजींची पाळी. आपल्याच सेनापतीला मारण्याची बाजू त्यांना मांडायची होती. ती ते मुद्दाम पडेल आवाजात, अडखळत मांडणार होते. पण समोर ऐकायला माणसं बसली आणि आपल्याला कुणाची तरी बाजू मांडायची आहे, एवढं जमून आलं की नत्थूजींची जीभ नत्थूजींचं ऐकत नसे.

"पहिलं," ते म्हणाले. "उताणी कशाले म्हणाव? जिचं तोंड आभाळाकडे थे उताणी. हिचं तोंड कोणीकडे हाये? भिंतीकडे. भिंतीले कोणी आभाळ म्हणत असन तं त्यानं सांगाव."

कुणी सांगायच्या आत त्यांनी दुसरं बोट उघडलं.

"दुसरं. मागणाऱ्यानं सिद्ध कराव, हा साऱ्या दुनियेचा कायदा हाये. सेनापतीनं तीन मागतल्या. भेटल्या दोन. तिसरी असन, नसन, होऊ शकन, असं बोलून चालत नाही. दोन म्हंजे तीन नाही."

"क्या बात है," ईश्वरदासांच्या तोंडून निघून गेलं.

नत्थूजींच्या कपाळावर घाम आला. ते स्वतःच्याच तोंडाने स्वतःच्या माणसाला मारत चालले होते, मुद्दे एकामागून एक बिनचूक बसत होते, आणि थांबायचं कुठे ते त्यांना सापडत नव्हतं.

"तिसरं," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली आला. "हा सेनापती मघापासून टाळून राहिला. तापाचं सोंग केलं. घोड्याचे दोन पाय मोडले. भ्याला हाये थो. भ्यालेला सेनापती जगला काय आन मेला काय."

हा मुद्दा कवडीबद्दल नव्हता. ते सगळ्यांच्याच लक्षात आलं.

मग गोपाळरावांनी घसा साफ केला. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. उभ्या नोकरीत त्यांना 'चालणार नाही' याच्यापुढे फारसं काही बोलावं लागलं नव्हतं.

"सेनापतीच्या बाजूनं सांगाचं म्हंजे," ते म्हणाले आणि कवडीकडे बघत राहिले. "म्हंजे ही कवडी पडलीच नाही. टेकली हाये. काटा हलून राहिला असताना वजन वाचाचं नसते. काटा थांबू द्याव लागते. हा आमच्या खात्याचा नियम हाये."

"मघा म्हणत होता, अर्धं माप म्हंजे खोटं माप," नत्थूजींनी आठवण दिली.

"मघा मी माह्या बाजूनं बोलत होतो." गोपाळरावांनी हात झटकला. "आन भ्याला म्हणतोस. भेते, तं भेऊ दे. काहून भेऊ नाही? त्याच्या बायकोनं पिशवी भरून खुंटीले लावली हाये. बुधवार जवळ आला का कोणालेही..."

ते थांबले.

हिवरगडात वार नसतात. एवढा उघडा नियमभंग दोन वर्षांत कुणी केला नव्हता. सवयीने नत्थूजींचं तोंड हरकत घ्यायला उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. ईश्वरदास खजिना उघडून त्यातल्या काड्या नीट लावू लागले. मास्तर छताकडे बघत होते.

म्हणजे मैनाबाई तुळजाबाईंजवळ बोलल्या होत्या, आणि पाणी भरताना नळावर बोललेली गोष्ट महालात कुणापासून राहते? म्हणूनच मास्तरांनी लंगड्या घोड्याला एवढी सवलत दिली. म्हणूनच काल रेशनच्या रांगेतून येताना गोपाळरावांनी रॉकेलचा डबा एकट्याने ओढत आणला, नत्थूजींना त्याला बोटसुद्धा लावू दिलं नाही. तेव्हा नत्थूजींना वाटलं होतं, स्वारीला आज जोर चढलाय.

"आन शेवटचं," गोपाळराव सतरंजीकडे बघत म्हणाले. "थो मेला तं मी दिवाणकी कोणासंगं करू? या ईश्वरदाससंगं? याले तं भांडता बी येत नाही."

"नाही येत," ईश्वरदासांनी मान्य केलं.

नत्थूजींना काहीतरी बोलायचं होतं. आधी ते पाणी मागणार होते, पण पाणी किल्ल्यात होतं आणि किल्ल्याला कवडी टेकलेली होती. सगळेच उकळीची वाट बघत होते.

स्टोव्हचा आवाज अचानक बंद झाला. तुळजाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चहा होत नाही," त्या म्हणाल्या. "रॉकेल संपलं."

त्या हिवाळ्यात रॉकेलची टंचाई होती हे खरं. पण कालच भरून आणलेला डबा?

"काल तं डबा भरून आणला वहिनी," नत्थूजी म्हणाले. "मी संगं होतो."

"गळला असन," तुळजाबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे रोखून बघत राहिल्या. खोलीत एक सरकारी निरीक्षक बसलेले होते, त्यांचं कामच मुळी तपासणीचं. पण तेही डबा बघायला उठले नाहीत.

मास्तर हलकेच खाकरले. "उकळी नाही, तर निकाल नाही. खेळ तहकूब."

"कवापर्यंत?"

"नत्थूजी परत येऊन बसतील तोवर. ते हजर नसताना त्यांच्या माणसाला मरण नाही. नियम त्यांचाच आहे."

"कवडी अशीच राहीन," गोपाळराव म्हणाले. "खोलीले कुलूप लावतो. झाडणं नाही, पुसणं नाही."

"आन मी आलोच नाही तं?" नत्थूजींनी विचारलं. त्यांना हे हसत विचारायचं होतं, पण तसं जमलं नाही.

"तं आमची समोरची खोली गेली. आल्यागेल्याले चुलीपाशी बसवाव लागन, आन मंग ही मले घरात ठेवत नसते." गोपाळरावांनी अडकित्त्याकडे बोट केलं, लोट्याकडे केलं, कवडीकडे केलं. "तुले यावच लागते गा. मराले तरी ये."

सकाळी मनाशी केलेल्या करारात जगण्याचं कलम होतं आणि मरण्याचं होतं. लोट्याला टेकलेल्या कवडीबद्दल त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या कागदात एवढी मोठी फट नत्थूजींनी कधी राहू दिली नसती. सोमवार-मंगळवार त्यांनी न जाण्याचं कारण शोधण्यात घालवले, आणि ते न सापडल्यामुळे बुधवारी ते मैनाबाईंच्या मागोमाग दवाखान्यात गेले. सेनापतीला शोभेल अशा थाटात आत जायचा त्यांचा विचार होता. प्रत्यक्षात ते डॉक्टरांना किती वेळ लागन, कोण्या बाजूनं कापसाल, टाके कोण घालन, असं विचारतच आत गेले. नाकावर जाळी आली. त्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली, मध्येच एक आकडा दोनदा मोजला गेला असं वाटून हरकत घ्यायला तोंड उघडलं, आणि पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा सगळं धूसर होतं. खाटेशेजारी स्टूल होतं आणि स्टुलावर हिवरगडचा किल्ला होता.

नत्थूजींनी डोळे मिटले. आपण गेलो, एवढं त्यांना उमगलं. गेल्यावर माणूस कुठे जातो याविषयी त्यांनी बरंच काही ऐकलं होतं; हिवरगडला जातो हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मग पोटात जोराची कळ आली. मेलेल्या माणसाला एवढं दुखायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा डोळे उघडले. पितळी लोटा, आणि त्याच्या गळ्याजवळ पोचा.

"पाणी आत्ताच नाही देत," मैनाबाई म्हणाल्या. त्या उशाशी बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे सुजलेले होते. "डॉक्टर नाही म्हणते."

"हा लोटा कोणाचा वं?"

"गोपाळभाऊजी ठेवून गेले. तुमाले आत नेलं तवा आले होते. बोलले काही नाही. म्हणे, राहू द्या याच्या उशापाशी."

नत्थूजी त्या पोच्याकडे बघत पडून राहिले. किल्ला इथे होता. म्हणजे तिकडे, कुलूपबंद खोलीत, कवडीला टेका नव्हता. ती केव्हाच कुठल्या तरी अंगावर पडली असणार, आणि ती कोणत्या अंगावर पडली ते जगात एकाच माणसाने पाहिलं असणार. त्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला गुंजभर सूट दिली नव्हती. नत्थूजींच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात गेलं आणि मैनाबाईंना वाटलं, दुखतंय.

टाके निघून थोडं चालता येऊ लागल्यावर एका रविवारी दुपारी नत्थूजी कानाला मफलर गुंडाळून, पोटावर हात धरून, सावकाश गोपाळरावांकडे आले. मास्तर आणि ईश्वरदास आधीच ओसरीवर उभे होते. गोपाळरावांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप सगळ्यांना दाखवलं आणि मग उघडलं.

खोलीत सगळं जसंच्या तसं होतं. अडकित्ता उघडा होता. दोन कवड्या उताण्या, दोन पालथ्या. पाचवी लोट्याला टेकून तिरपी उभी. सतरंजीवर, काड्यापेटीवर, अडकित्त्यावर धुळीचा पातळ थर बसला होता, आणि या खेपेला तुळजाबाईंनीही ती धूळ नाकारली नाही. लोटा मात्र लखलखत होता. दवाखान्यातून आलेलं भांडं चिंच लावून घासल्याशिवाय तुळजाबाई कशा घरात घेणार? पश्चिमेचा ढासळलेला बुरूजही फिरून दरवाज्याकडे, पूर्वेला आला होता.

"कोणी हात लावला नाही," गोपाळराव म्हणाले. ते नत्थूजींकडे बघत नव्हते. "तू गेला तवापासून कुलूप होतं."

मास्तरांनी लोट्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. ईश्वरदास भांड्यांचे व्यापारी. ताज्या घासलेल्या पितळेला त्यांची नजर चुकणं शक्यच नव्हतं. तेही गप्प राहिले.

आता बोलायचं ते नत्थूजींनी. एका जादा फुंकरीवरून, बोटभर सरकलेल्या काड्यापेटीवरून त्यांनी या खोलीत तासन् तास वाद घातले होते, आणि आज तर समोर आख्खा किल्ला हलवलेला होता. एक शब्द काढला असता तर डाव रद्द झाला असता आणि सेनापती नियमाने सुटला असता. नत्थूजी भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. ते बसले ती त्यांची जागा नव्हती. त्या दिवशीच्या वादात जागा बदलून जिथे बसले होते, तिथेच ते बसले. त्यांनी लोट्याकडे पाहिलं, गोपाळरावांकडे पाहिलं, आणि मग कवडीकडे वाकून नीट पाहिल्यासारखं केलं.

"कोणी हात लावल्यासारखं नाही दिसत," ते म्हणाले. "पालथीच हाये. मेला सेनापती. पडू द्या त्याले."

"नाही," गोपाळराव म्हणाले. तेही त्या दिवशीच्याच जागी बसले होते. "उताणी हाये."

"पाठ दिसून राहिली मले."

"तुह्या डोळ्यांवरची भूल उतरली नाही अजून. तोंड पाह्य ना तिचं."

"अर्धं माप म्हंजे खोटं माप."

"काटा थांबला हाये आता. उताणी हाये म्हणलं ना."

"वाद," मास्तर म्हणाले, आणि पुढे नियमाप्रमाणे 'जागा बदला' म्हणायला गेले. पण दोघांकडे बघून त्यांचं बोलणं ओठातच राहिलं. सेनापती सेनापतीला मारायला निघाला होता आणि दिवाण त्याला वाचवायला. आणखी काय बदलायचं, ते दैवालाही सुचेना.

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. दोन-तीनदा, दमाने.

"सावकाश भांडा जी," तुळजाबाई म्हणाल्या. "आज रॉकेल बक्कळ हाये."